सातेरीचा कौल आणि उजवीकडचे पाटे

रामनगर औटपोस्ट, पेटा सुपे, जिल्हा उत्तर कानडा. तारीख १७ फेब्रुवारी १९५५, गुरुवार, सकाळ.

नाव रुक्मा कोम नारायण लोहार. वय अंदाजे चाळीस. धंदा लॉऱ्यांचे पाटे दुरुस्त करणे. राहणार रामनगर, लॉरी स्टँडच्या मागे.

परशू गावडा याने काल दिलेल्या फिर्यादीबाबत हवालदारसाहेबांनी मला समोर बसवून विचारले, त्यावरून मला जे माहीत आहे ते सांगते, ते येणेप्रमाणे:

मी वरील ठिकाणी राहते. माझ्यासोबत माझा दीर धाकलू राहतो, वय अठ्ठावीस. तो लाकडाच्या लॉरीवर ड्रायव्हर आहे आणि फावल्या वेळात माझ्या भात्यावर काम करतो. मी लग्न होऊन आले तेव्हा तो उघडा फिरत होता आणि माझ्याच हातचे जेवून मोठा झाला. हे लिहू नका म्हणून मी सांगितले, पण हवालदारसाहेबांनी लिहिले आहे.

माझे मालक नारायण हे सहा वर्षांपूर्वी अणशीच्या घाटात वारले. लाकडाने भरलेल्या लॉरीचा पाटा तुटला आणि लॉरी दरीत गेली. पाटे म्हणजे चाकाच्या वर लोखंडी पट्ट्यांची जुडी असते ती, गाडीचा सगळा भार तिच्यावर. तेव्हापासून दुकान मी चालवते. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक लॉरीला मी एक पाटा जास्त घालते. ड्रायव्हर लोक कुरकुरतात की हाडे खिळखिळी होतात. मी म्हणते, हाडे खिळखिळी झालेली बरी. तेव्हापासून मी कुठल्याही गाडीत बसलेली नाही. खानापूरला बहिणीकडेसुद्धा चालत जाते. यावरून लोक हसतात, हसोत बापडे.

खानापूरकडचे यशवंतराव सरदेसाई यांची लाकडाची गिरणी आहे. धाकलू त्यांचीच लॉरी चालवतो. त्यांच्याकडे विलायती लाल मोटार आहे, दोन माणसे बसण्यापुरती, वर छप्पर नाही. बेळगावच्या पलीकडे लढाईच्या वेळची विमानांची धावपट्टी ओस पडली आहे. तिथे मोटारींचे हौशी लोक अधूनमधून जमतात, पिंपे मांडून वाट आखतात आणि गोल गोल गाड्या पळवतात. येत्या रविवारी असा दिवस आहे. यशवंतरावांचा हात मोडून प्लास्टरमध्ये आहे, म्हणून त्यांनी मोटार धाकलूच्या हाती दिली. मोटार वळणावर एका अंगाला झुकते आणि मागून घसरते, तेवढे नीट करून घे आणि रविवारी तूच चालव, असे ते म्हणाले. चांगली चालवलीस तर गिरणीची सगळी वाहने तुझ्या हाताखाली देतो, असेही म्हणाले. तेव्हापासून धाकलूचे जेवणात लक्ष नाही.

मोटारीला पुढे मागे चारी चाकांवर पाटेच आहेत. मी म्हटले, प्रत्येकात एक पाटा वाढवू, कडक होईल, झुकणार नाही. धाकलू म्हणाला, "वैनी, ही लॉरी न्हवं गे. हिच्यावर काय सागाचे ओंडके टाकायचे हाईत? सगळी कडक केली तर बेडकासारखी उड्या मारंल." मी म्हटले, मऊ ठेवली तर लोळेल. तो म्हणाला, "तुला सगळ्यांत दरीच दिसती." हे त्याने बोलायला नको होते. मी दुपारी जेवले नाही. त्यानेही ताट झाकून ठेवले.

दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "चल, सातेरीला कौल लावू. आई म्हनंल तसं." आमच्याकडे अडले की देवीला कौल लावतात हे हवालदारसाहेबांना माहीत आहे, कारण त्यांनीही बदलीच्या वेळी लावला होता. देवीच्या अंगाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणे घालतो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न एकच विचारायचा असतो. पण गुणा गुरवाला आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंनी इतके ऐकवले की तो वैतागला आणि म्हणाला, "आई, उजवी दिलीस तर कडक, डावी दिलीस तर मऊ, ह्यांचा तंटा मिटव." दोन्ही पाकळ्या एकदमच पडल्या.

असे झाले की पुन्हा कौल लावायचा असतो. परंतु गुणाला लग्नाला जायचे होते, त्याने पंचा झटकला आणि गेला. आम्ही देवळाच्या पायरीवर बसलो. मी म्हटले, आईने दोन्ही दिले आहे. उजवीकडे कडक, डावीकडे मऊ. धाकलू खूप हसला. मग हसता हसता थांबला आणि म्हणाला, "वैनी, चालवनारा उजवीकडं बसतो. भार उजवीकडंच हाय की." मग आम्ही घरी येऊन उजव्या बाजूच्या पाट्यांत एकेक पट्टी वाढवली आणि डाव्या बाजूची एकेक काढली. असे कुणी करत नाही हे मला माहीत आहे. उसळी दाबणारे शॉक त्याने उजवीकडे थोडे आवळले.

काल बुधवारी दुपारी धाकलूने मोटार एकट्याने जगलबेटच्या रस्त्यावर नेऊन आणली. मी स्टँडच्या तोंडाशी उभी होते. येताना मोटार अगदी सपाट येत होती, परातीत पाणी ठेवले असते तर हिंदकळले नसते. त्याचे तोंड मी बघितले. मालक पहिल्यांदा लॉरी घेऊन दारात आले होते तेव्हा त्यांचे तोंड असेच होते. मी पदर खोचला आणि म्हटले, मला बसव. तो म्हणाला, "तू? खरंच?" मी म्हटले, माझे मन पालटायच्या आत चल.

हवालदारसाहेबांनी विचारले की वेग किती होता. मला वेगाचे समजत नाही. वारा तोंडावर येत होता आणि मी डोळे उघडे ठेवले होते. रस्त्याकडेच्या मोठ्या जांभळीपाशी रस्ता उजव्या हाताला वळतो. तिथे मोटार डावीकडे झुकली. डावीकडची पट्टी काढलेली आणि त्याच अंगाला मी बसलेली. माझे वजन हवालदारसाहेबांना दिसत आहे, लिहिण्याची गरज नाही. मागचा भाग फिरला आणि आम्ही रस्ता सोडून परशूच्या गवताच्या गंजीत शिरलो. मोटार थांबली. गंजी आमच्या अंगावर आली.

गवतातून प्रथम धाकलूचा आवाज आला, "वैनी, हाईस का?" मी म्हटले, हाय. तो म्हणाला, "लागलं?" मी म्हटले, न्हाई. त्यानंतर आम्ही दोघेही हसू लागलो. का हसलो ते मला सांगता येत नाही. पडलो होतो आणि मेलो नव्हतो. मला ते थांबवता येत नव्हते.

तेवढ्यात परशू कोयता घेऊन धावत आला. त्याने आम्हाला बाहेर काढले, पाणी दिले, मग शिव्या दिल्या. आम्ही संध्याकाळपर्यंत गंजी पुन्हा रचून दिली. आधीपेक्षा थोडी वाकडी झाली आहे हे कबूल. तरीही त्याने इथे येऊन दोघे दारू पिऊन होते असे लिहून दिले.

दारूबद्दल विचारल्यावरून सांगते की मी कधी घेतलेली नाही. धाकलू शिमग्याला घेतो, काल शिमगा नव्हता. परशूची गंजी पडली हे खरे आहे, वळण माझ्या वजनाने चुकले हेही खरे आहे. पण दारूचा शब्द राहिला तर धाकलूचा परवाना जाईल. परवाना म्हणजे त्याचे हातपाय आहेत. तो रविवारी पहिला आला नाही तरी चालेल, शेवटून पहिला आला तरी मी नारळ फोडीन. पण त्याला जाऊ द्यावे. मोटारीची किल्ली हवालदारसाहेबांनी काढून घेऊन समोर टेबलावर ठेवली आहे, तिच्याकडे बघून मी हे सांगत आहे.

हवालदारसाहेबांनी विचारले की उजव्या वळणाला जी मोटार घसरते ती सरकारी रस्त्यावर सोडायची कशी. प्रश्न बरोबर आहे. मी सांगितले की मोटार लाकडाच्या लॉरीवर फळ्या लावून चढवू आणि धावपट्टीवरच उतरवू. तिथे उजवे वळण नाही. पिंपांच्या भोवती घाण्याच्या बैलासारखे डावीकडेच फिरायचे असते असे यशवंतरावांनी सांगितले आहे. डावीकडे वळताना भार उजवीकडे येतो आणि उजवीकडे कडक आहे. हे कौल लावताना आम्हा दोघांच्याही ध्यानात नव्हते. आईच्या होते की नव्हते ते मी सांगू शकत नाही. सोमवारी पाटे होते तसे करून देऊ. यावर हवालदारसाहेबांनी हाताने हवेत पिंपाभोवती एक फेरा मारून बघितला.

परशू दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याला आत बोलावून दारू प्यायल्याचा वास आला का असे विचारले. तो म्हणाला, "वास न्हाई आला, साहेब. पन दोघंबी हसूलाली होती. धाकलूचं सोडा, त्यो कायम हसतो. ही बाई! नारायणाला घाटातनं वर आनला तेव्हा दोरीला मी होतो. त्या दिसापासनं हिला हसताना कुनी बघितल्यालं न्हाई. म्हनून मला वाटलं, प्याली असनार." इतके बोलून तो माझ्याकडे बघेना. मग म्हणाला, "दारूचं काढून टाका. गंजीचं ऱ्हाऊ दे, ती वाकडी रचलीया."

गंजी मी आज दुपारी पुन्हा सरळ रचून देणार आहे. रविवारी मी बेळगावपर्यंत एस्टीने जाणार आहे. परशूला यायचे असल्यास त्याने यावे, खिडकीची जागा मात्र माझी.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात आम्ही गवतात हसलो ते वाक्य कामाचे नाही म्हणून गाळले होते. ते मी पुन्हा घालायला लावले. आता माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. बोटाला वंगण असल्याने अंगठा नीट उठला नाही, राखेने हात धुऊन दुसऱ्यांदा उठवला.

निशाणी अंगठा, रुक्मा कोम नारायण लोहार.

मोटारीची किल्ली समक्ष मिळाली. सही, धाकलू सटवा लोहार.