वरच्या नळीचं तेल

बालाघाटात हिरालाल मिस्त्रीच्या दुकानात मी सायकलचं पंक्चर काढायला थांबलो होतो. समोर लामता गावचे चैतराम आणि त्यांची बायको दुर्गाबाई मोटारसायकलजवळ उभे होते.

"मिस्त्री, तीनदा खालचं पॅकिंग बदललं, तरी तेल गळूनच राह्यलं. गोंदियाले जायाचं आहे."

"इंजन पुसून पावडर टाकून पाहू. तेल निघते तिथंच ओलं दिसते. पावडर आहे काय?"

"हौ, माह्याजवळ आहे," दुर्गाबाई म्हणाल्या. "गोंदियाले आमच्या पोरीचं, सीताचं बाळंतपण आहे. तिच्या लेकरासाठी घेतली."

"ते काहून देतं? लेकराचं अजून काही कळलं नाही."

"जावयाच्या तारेत 'लवकर या' एवढंच आहे. घ्या, मिस्त्री."

मिस्त्रीनं पावडर टाकून इंजिन सुरू केलं.

"पाहा, भाऊ! वरच्या नळीच्या जोडापासून तेलाची लकीर येऊन राह्यली. खाली नुसते थेंब पडतात. तांब्याचं वायसर, म्हणजे जोडातली चकती, कडक झालं. लाल तापवून नरम करतो."

थोड्या वेळानं वायसर परत बसलं.

"झालं. आता सुकं आहे."

"आणखी एकडाव चालवून पाहा न."

"दोनदा पाहिलं, भाऊ."

"वाटेत राजेगावपाशी गळलं तं?"

"नाही गळत."

"चेन बी पाहून घ्या."

"चेन ठीक आहे."

"मंग चाकातली हवा..."

"अवो, सीताचे बाबा, चला आता."

"मी तारवाल्याले विचारलं, वाईट खबर असली तं असंच लिहितात काय. तो म्हणे, मले काय माहीत."

"मले बी माहीत नाही. पोरगी वाट पाहून राह्यली. गाडी चालू करा."