एकोणिसाव्या दिवशीची पास्त्रामी

...आणि वर मलाच विचारतात, तोंड का पाडलंयस? अहो, तुम्हाला सांगते, बापाचं दुकान, तिथं मसाल्यात मुरवलेल्या मांसाची पास्त्रामी वाफाळतेय, कलेजीचा लगदा, बटाटा भरलेले निश, आमचं अख्खं उपनगर क्वीन्स जिभल्या चाटत रांगेत उभं, आणि मी काउंटरमागे पथ्यावर. साखर नाही, पाव नाही, कडधान्य नाही, दूध नाही... दुधाचं सोडा, मांसाच्या दुकानात आम्ही ज्यू दूध येऊच देत नाही. पण पास्त्रामी मुरते त्या मिठाच्या पाण्यातसुद्धा साखर असते, माहितेय? मग उरलं काय? खारवलेली काकडी. सकाळी काकडी, दुपारी काकडी. एक घास चुकला की पुन्हा पहिल्यापासून. असू दे. तीस दिवस, फक्त तीस दिवस.

कशासाठी? तर कॉलेज सोडलं, केस कापायचा कोर्स सोडला, आणि आमच्या मोठ्या माणसांच्या जिभेला हाड नाही. फ्रूमा आत्या गिऱ्हाइकांना सांगते, "आमची झेल्डा? सुरुवात फार छान करते हो." पप्पा म्हणतो, "आपल्या धर्माच्या सहाशे तेरा आज्ञा आहेत, त्यातल्या चारसुद्धा पाळत नाहीस, आणि ही आणखी नवीन काढलीस?" म्हटलं, बघाच. एक गोष्ट शेवटाला नेऊन दाखवते.

तेव्हापासून हा माणूस हात धुऊन मागे. रोज सकाळी सुरीच्या टोकावर तुकडा. "झेल्डे, जरा चाखून बघ." नाही. "नुसतं मीठ बघ." नाही म्हणजे नाही. तीस दिवस, फक्त तीस दिवस. मला वाटलं, पथ्य मोडायला टपलाय म्हातारा. कुणाचा बाप असं करतो, तुम्हीच सांगा?

मग एकोणिसाव्या दिवशी झेलनिक काका, पंचवीस वर्षं तेच सँडविच खाणारे, अर्धं ठेवून उठले. भांडले असते तर बरं. आमच्याकडे भांडणारं गिऱ्हाईक उद्या परत येतं. हे नुसतं "बरं होतं" म्हणाले आणि गेले. पप्पा त्या अर्ध्या सँडविचकडे बघत बसला. मी चहा करून दिला. आता एकोणीस दिवस साखरेच्या बरणीला हात लावला नव्हता, कुठली बरणी कुठे गेली मला काय ठाऊक... मीठ पडलं. दोन चमचे. तो अख्खा पेला प्यायला. म्हणाला, "छान झालाय."

हिवाळ्यातल्या तापापासून त्याला चवच नाही. चाळीस वर्षं स्वतःच्या जिभेवर दुकान चालवलं त्यानं, आणि तो मला चिडवत नव्हता हो, विचारत होता. सरळ सांगायचं नाही, कारण फ्रूमा आत्याला कळलं की ती दुकान विकायला लावणार. असली ही आमची मोठी माणसं. मरतील, पण मदत कर म्हणणार नाहीत.

मी सुरी ओढली, तुकडा तोंडात टाकला. तीस दिवस म्हणे. "मीठ जास्त झालंय, पप्पा. धणे कमी."

त्यानं मान हलवली, मिठाच्या पाण्याच्या नव्या पिंपापाशी गेला, आणि उगाचच बराच वेळ पाठ करून उभा राहिला.

तेवढ्यात आत्या आलीच. तर हा माझा बाप, दुसरा तुकडा माझ्यापुढे धरत, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं सांगतो, "बघ फ्रूमा, एकोणीस दिवस. धीरच नाही पोरीला. कॉलेजचंही असंच केलं."

काय सांगणार... तोंड भरलेलं होतं माझं.