खाणीसाठी हात वर

हॅलो?… हो, शाळेतूनच… अगं तू होय! आवाज असा का येतोय?… सुरुंगाची धूळ? आत्ता उडवला तोच ना? इकडे खिडक्या थरथरल्या. शेजारच्या वर्गातले पाढे जरा थांबले न् लगेच पुढे चालू. पोरांना सवय झालीय.

काय?… स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा?… बोट जातं? आणि तू घालून पाहिलंस? काढ आधी ते!… हो, हो… अगं ऐक ना…

नाही, विसरले नाही. आज पाचला सभा. खाण तुमच्या आळीपर्यंत वाढवू द्यायची का, ते ठरायचंय… हो, मुख्याध्यापिकेचंही मत धरतात… आधी सांग, नणंद म्हणून विचारतेस की आठवीतल्या मुलीची आई म्हणून?… दोन्ही. बरं.

मग ऐक. टेकडी गावाची, म्हणून चुनखडीच्या रॉयल्टीतला वाटा शाळेला मिळतो. जुन्या भागातला दगड संपत आलाय. नवा भाग दिला नाही, तर पुढच्या वर्षी आठवीच्या पुढचे वर्ग बंद… हो, मग तुझ्या लेकीला बस. जायला दीड तास, यायला दीड… धमकी कसली गं? आहे ते सांगतेय.

तुझा दादा?… विचारलं ना. म्हणाला, एकीकडे बायको, एकीकडे बहीण, मी जेवायला बसतो. त्याने केव्हाच हात वर केले… हस, हस. भाऊ तुझाच आहे.

भरपाईचं मी खाणवाल्यांकडून लेखी मागितलंय. आधी तडे गेलेल्या घरांची डागडुजी, मग शाळेचा वाटा… नाही, उत्तर नाही आलं. खोटं कशाला सांगू?

रडतेस का?… सर्दी. बरं, सर्दी.

हे बघ, मी खाणीच्या बाजूने हात वर करणार आहे. सभेत दिसण्याआधी तुला माझ्या तोंडून कळावं… हॅलो? आहेस ना?… काय म्हणालीस?… तूही करणार? लेकीसाठी?

अगं, मग इतका वेळ भांडलीस कशाला?…

हं.

मी तरी नको म्हणेन, असं वाटलं होतं तुला…

हं.

नाही, रागावले नाही… ये पाचला. माझ्या शेजारी बस… नको? बरं, लांब बस. पण ये.

ठेवू?… तू ठेव आधी… बरं. मीच ठेवते.