अर्ध्या तांब्याचा ठराव

आन् मी कशापायी हात वर केला, म्हणता, मंडळी? अवो, सगळी कमिटी हात वर करून बसल्यावर मी एकट्यानं काय कान खाजवायचा? तुमाला सांगतो, सवाल होता अर्ध्या तांब्याचा... फकस्त अर्धा तांब्या!

ह्या दुष्काळात आमच्या गावच्या पाणी सोसायटीनं ठराव केला. टँकरचं पाणी फुलझाडाला घालायचं न्हाई, घातलं की वाटा बंद! पाखरांना मात्र मुभा... आपापल्या वाट्यातून, पाखरामागं अर्धा तांब्या. आन् आमची मालन, माझी बायको वो, रोज सदाफुलीला पाणी घालती! चेअरमन आबासाहेब दारात आले, तर पदर खोचून म्हणती कशी, "झाडाला कुटं? ह्या फुलावर रस प्यायला रोज शिंजीर पाखरू येतं. त्याचं पाणी हाय ते!"

झालं! शिंजीर बघायला कमिटी आमच्या अंगणात. दिस कलताना आला की वो... भुर्रर्र! फुलापुढं अधांतरी उभा, आन् लांब चोच आत! मालन म्हणती, "बघा!" तेवढ्यात आमचा पंपमिस्तरी जलालुद्दीन, नजर लई बारीक त्याची, "ठैरो चेअरमनसाब! शिंजीर देठावर बसून रस पितो, ह्यो टेकतच न्हाई. आन् चोच कुटली? सोंड हाय, गुंडाळून घेतली बघा! डोक्यावर मिशा! पतंग हाय ह्यो, पतंग!"

पतंग काय पाखरू न्हाई, सदाफुलीचं पाणी बंद... झाले हात वर, माझाबी! मालननं माझ्याकडं असं बघितलं... लई लागलं हो मला. म्हणली, "सगळं रान वाळलं. एक जीव रोज माझ्या दारात येतो, त्याला उपाशी धाडू? किडा असू द्या न्हाईतर पाखरू, सदाफुली मी मरू देणार न्हाई!"

अर्ध्या तांब्यासाठी येवढी जिद्द! दुसऱ्या दिवशी सदाफुलीच्या बुडाशी मातीचं पसरट परळ पाण्यानं भरून मांडलं. पाखरांसाठी! शिंजीर आला, खरा, काळाजांभळा. चिमण्या आल्या, साळुंक्या आल्या, पंख फडफडवून आंघोळी... सगळं पाणी मुळाशी! वर त्यो शिंजीर फुलाला मागून भोक पाडून रस चोरतोय, पण त्याला कोण बोलणार? ठरावानं पाखरू हाय ना! सांजच्याला पतंगही हजर. आबासाहेब आले, बोटावर पाखरं मोजली, आन् आल्या वाटंनं निघून गेले.

"किती पाखरं झाली गं?" मी इचारलं.

"अकरा. पाखरामागं अर्धा तांब्या."

"आगं, मग येवढं पाणी आणती कुटून?"

"तुमच्या आंघोळीचं. ठरावाला हात तुमीच वर केलता ना?"

तुमाला सांगतो, पाखरं न्हाली, सदाफुली न्हाली... मला अर्धा तांब्या न्हाई! आज नववा दिस. पुढच्या दोन रांगा तुमी कशापायी मोकळ्या सोडल्यात, ते कळतंय मला.