हूं म्हणायला काय जातं?

सोळा शुक्रवार धरले होते हो मी! आंबट सोडलं, दह्याकडे पाहिलंसुद्धा नाही... कशासाठी? तर आमच्या ह्यांची पीआरओची खुर्ची रिटायरमेंटपर्यंत टिकू दे म्हणून. आठ महिने तर राहिले होते! आणि शुक्रवारच्या कहाणीला लागतं काय? हातात गूळ-चणे घेऊन समोर बसणारा, मधूनमधून हूं म्हणणारा एक माणूस. ऐकणाराच नसला तर कहाणी पोचते का देवीपर्यंत? पण हे कुठे? हे मोबाइलमध्ये! तुम्हाला सांगते, हूं म्हणायला काय जातं?

पूर्वी असं नव्हतं. कंपनीची प्रेस नोट... कंपनीचं नाव नाही घेत, ह्यांचंही कधी घेतलं नाही... तर ती नोट हे तीन दिवस लिहायचे, पाच साहेबांच्या सह्या आणायचे, मग भिलाईहून लूनावर दुर्गला जाऊन पेपरवाल्यांच्या हातात द्यायचे. दुसऱ्या दिवशी कात्रण फाइलला, की झालं! लोक काय म्हणाले? लोकांना विचारलं होतं कोणी?

आता आलं हे फेसबुक! कारखान्याजवळच्या खुर्सीपार वस्तीतल्या शेवंताबाईंनी कंपनीच्या पेजवर फोटो टाकला. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, आणि वरून आमच्या कारखान्याच्या चिमणीची काळी धूळ. कुरडया कसल्या, लोखंडाचा कीस दिसत होता! खाली लिहिलं, "कोई सुनता है क्या?" ह्यांनी नेहमीसारखं तीन दिवस लिहून, पाच सह्या घेऊन चौथ्या दिवशी उत्तर दिलं, "प्रकरण संज्ञान में लिया गया है." म्हणजे, दखल घेतली आहे. अहो, साडेसहाशे लोक हसले! एकानं विचारलं, "संज्ञान में तलकर खाएं क्या?"

लगेच जीएम साहेबांचा फोन. "पीआरओ साहब, सोमवार तक संभालिए, नहीं तो गेटपास की खिड़की पर बैठिए. पेज मोहित देख लेगा." मोहित म्हणजे ऑफिसातले नवे साहेब. बोलणं कमी, रील जास्त.

त्या दिवशी माझा पंधरावा शुक्रवार. हे पुन्हा लिहायला बसले, "उपर्युक्त विषयांतर्गत..." मी ह्यांच्या मुठीत गूळ-चणे कोंबले.

"अहो, कहाणी आयका नं."

"माही खुर्ची जाऊन राहिली अन् तुले कहाणी सुचून राहिली?"

"अन् ते बाई? तेही कहाणीच सांगून राहिली नं! तिले कोणी हूं तरी म्हटलं काय?"

"हूं म्हणायले अप्रूव्हल लागते!"

"मले पंधरा शुक्रवारात कोणाची सही लागली नाही!"

ह्यांनी चष्मा पुसला. मी सांगितलं, ह्यांनी हिंदीत लिहिलं... शेवंताबाई, कुरडया आमच्या धुळीनं काळ्या झाल्या, आमचं चुकलं, किती होत्या? तीस वर्षांत पहिल्यांदा बिनसहीचं काही पाठवलं ह्यांनी.

मिनिटात उत्तर! "ढाई किलो गेहूं की थीं. बेटी के यहां भेजनी थीं. किसी ने पूछा तो सही."

मग काय, अख्खं खुर्सीपार बोलायला लागलं. कोणाचे पापड, कोणाच्या पोरीचा पांढरा युनिफॉर्म... आणि हे प्रत्येकाला हूं, हूं! सोमवारी तीनशे तक्रारींची यादी जीएम साहेबांच्या टेबलावर, आणि तीन दिवसांत चिमणीची धूळ धरणारी फाटकी पिशवी बदलली. नुसतं हूं म्हणून भागतं थोडंच, उद्यापनही करावं लागतं! शेवंताबाईंना अडीच किलो गव्हाच्या कुरडया मीच करून पाठवल्या. आणि खुर्ची? टिकली हो, टिकली! मोहित म्हणतात, "काकी, इसे सोशल लिसनिंग कहते हैं, दो दिन का कोर्स होता है." म्हटलं, आमचा सोळा शुक्रवारांचा आहे.

आता आज सोळावा. मी बसले गूळ-चणे घेऊन, तर हे आपले मोबाइलमध्ये! साऱ्या भिलाईला हूं, आणि मला? तुम्हाला सांगते, इतका राग आला, इतका राग आला... मीही मोबाइल घेतला आणि कंपनीच्या पेजवर लिहिलं, "कहाणी सांगायची आहे, कोणी ऐकतं का?"

मिनिटात उत्तर आलं! शेजारच्या खोलीतून!

"हूं. सांगा ताई, ऐकतो आहे."

ताई! मला!

जाऊ द्या. खुर्ची मागितली होती, खुर्ची मिळाली. नवरा मागायचा राहून गेला. तेव्हा तुम्हीच घ्या हे चार दाणे मुठीत... मी कहाणी सुरू करते. फार काही करू नका, फक्त मधूनमधून हूं म्हणा. आणि घरी गेलात ना, की तिथेही म्हणा.