कोरड्या भिंतीचा फोटो

नाही, मी म्हणतो, ज्या माणसाचं अख्खं काम भिंतीच्या आत असतं, त्यानं वेबसाइटवर दाखवायचं काय? शिंपी शर्ट दाखवेल, सुतार कपाट दाखवेल. मी पडलो प्लंबर, मी काय दाखवू? पण आमच्या मेहुण्यापुढे बोलायची सोय नाही. बायकोचा धाकटा भाऊ. कॉम्प्युटरवर बसतो, आणि एकदा बसला की दुसऱ्याला उठू देत नाही. ‘भावजी, आजकाल वेबसाइट नसलेला माणूस म्हणजे नसलेलाच माणूस. वेबसाइट काढा, गिऱ्हाईक वाढतं.’ गिऱ्हाईक वाढतं म्हणे!

आता तुम्हाला सांगतो, मी तयार झालो तो त्या टायवाल्यामुळे. कोपऱ्यावर नवीन प्लंबर आलाय. वेबसाइटवर टाय लावून उभा, हाताची घडी, मागे चकाचक बाथरूम. अरे, टाय लावून बेसिनखाली शिरलास तर तो टाय कुठे लोंबेल, याचा काही विचार? पण लोक भाळले ना टायवर! एकेक गिऱ्हाईक तिकडे. घरी बसून मी पेटीतले पाने काढून पुसायला लागलो. आणि शेवटी दातांचे डॉक्टरसुद्धा गेले हो. त्यांच्या दवाखान्याचा पहिला पाइप मी टाकलेला. खुर्चीशेजारी ती चूळ थुंकायची वाटी असते बघा, तिची जोडणी माझी. त्यांच्या दारात टायवाल्याची गाडी बघितली आणि तिथूनच मागे फिरलो. घरी आलो, मेहुण्याला म्हटलं, ‘काढ बाबा, काय काढायचीय ती.’

तो म्हणाला, ‘तुमच्या सगळ्यात चांगल्या कामाचा फोटो द्या.’ दिला. बघतच राहिला.

‘भावजी, ही भिंत आहे.’

‘हो.’

‘काम कुठंय?’

‘आत.’

‘मग यात दिसतंय काय?’

‘कोरडी दिसतेय ना? तेच काम.’

कपाळाला हात लावला त्यानं. म्हणे, आधीचा आहे का, ओली असतानाचा? आता घरात पाणी धो धो वाहतंय, घरमालकीण खुर्चीवर चढून उभी आहे, आणि मी काय म्हणू तिला... ‘ताई, जरा इकडे बघा, हसा’?

मग माझा फोटो. टाय नको म्हटलं, तर आतून बायको, ‘अहो, निदान भांग तरी पाडा. आणि फोटो झाला की स्वयंपाकघरातला नळ बघा, कधीचा टपटपतोय.’ मी म्हटलं, ‘बघतो.’

तर मेहुण्याचं पुढचं. ‘भावजी, लोकांना थोडं फुकट ज्ञान द्या. विश्वास बसतो. विश्वास बसला की गिऱ्हाईक वाढतं.’ हे मात्र मला पटलं. बोलायला मला आवडतं, ते एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. सुरूच झालो. आधी मेन कॉक बंद करा, मग नळाची मूठ काढा, पाना असा धरा, वॉशर असा बघून घ्या, टेप आट्यांच्या दिशेनं गुंडाळा, उलटी गुंडाळलीत तर सुटून येईल... मेहुण्याची बोटं दुखायला लागली टाइप करून. म्हणाला, ‘भावजी, थोडं हातचं राखा.’ म्हटलं, जन्मात कुणाच्या घरी नळ अर्धा आवळून सोडला नाही, सांगणं अर्धं कसं सोडू? इथेच माती खाल्ली.

वेबसाइट सुरू झाली आणि फोनला उसंत नाही! पहिलाच फोन एका बाईंचा. ‘दादा, तुमचं वाचलं, फार छान लिहिलंय.’ म्हटलं, ‘कधी येऊ?’ तर म्हणतात, ‘कशाला? नळ केला की मी, आभार मानायला फोन केला.’ दुसरा फोन एका आजोबांचा, मागे पाण्याचा आवाज. ‘अहो, मूठ काढलीय, आता पुढे काय?’ भर रस्त्यात उभा राहून आजोबांना वॉशर बसवून दिला मी. फोनवरून! पुढे शेजारणीला शिकवतो म्हणाले. घरी पोचलो तरी फोन चालूच, बायको म्हणतेय, ‘अहो, नळ...’ मी फोनवर हात ठेवून, ‘बघतो, बघतो.’ गिऱ्हाईक वाढतं म्हणे!

आणि मग एकदा बाजारात असताना तो फोन आला. अगदी दबक्या आवाजात. ‘दादा, ते... चूळ थुंकायच्या वाटीच्या जोडणीचं तुमच्या वेबसाइटवर काही सापडत नाही.’ ओळखलं मी. टायवाला! आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, आमच्या वाटीखाली! जिभेवर आलं होतं, टाय कोंब त्यात. पण वाटी माझी हो. गळली असती तर मलाच झोप लागली नसती. सांगितलं सगळं, शेवटच्या आट्यापर्यंत. आणि फोन बंद व्हायच्या आत मागून डॉक्टरांचा आवाज, ‘वा! याला म्हणतात कारागीर.’ त्याला!

घरी आलो. पाय ओढत आलो म्हणा ना. दार उघडलं तर घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. टपटप बंद! स्वयंपाकघरात बायको, हातात माझा पाना. ‘वेबसाइट वाचली. किती नीट समजावलंय हो, घरात कधी असं बोलला नाहीत.’ बसलो. तेवढ्यात मेहुण्याचा फोन, ‘भावजी, अभिनंदन, पहिला अभिप्राय आला, पाचपैकी पाच तारे!’ म्हटलं, वाच. म्हणाला, ‘माहिती उत्तम. नळ लगेच थांबला. माणूस मात्र बोलावूनही येत नाही.’

खाली नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती, लिहिणारी समोर बसून पाना पुसत होती. वर मेहुणा म्हणतो, ‘भावजी, अभिप्रायाला उत्तर द्यावंच लागतं, त्यानं गिऱ्हाईक वाढतं.’ आता काय उत्तर देणार, तुम्हीच सांगा.

लिहिलं, ‘बघतो.’