टॅब म्हणतंय, पाठवलं!

आता तुमीच सांगा, बटन दाबलं, गोल गोल फिरलं, हिरवी खूण आली, टॅब म्हणतंय पाठवलं... आवो, पाठवलं तर गेलं कुटं? मशीन हितं, टीव्हीच्या शेजारी, टॅब माझ्या मांडीवर, दोघांत चार हाताचं अंतर न्हाई, आणि एवढ्या वाटंत कागद चुकतोय? आवो, आमचा बैल पौडच्या बाजारातनं सुटला तर एकटा घरी यायचा! न्हाई, हसू नका, हसू नका तुमी, मी लई तरास काढलाय. माणसानं दोन दिवस एका डब्याम्होरं हात जोडून बसायचं म्हंजी काय!

आता मुळापासनं सांगतो, न्हाईतर तुमी म्हणाल, म्हातारा मधनंच सुरू झाला. मी नरहरी, भुकूमचा. ही बिल्डिंग दिसतीया न्हवं, हितं आमचं आंबेमोहोर भाताचं खाचर हुतं. त्याच्या बदल्यात बिल्डरनं दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट दिला, म्हंजी मी माझ्याच शेतावर अधांतरी राहतुया. एकुलती एक लेक, शुभांगी, कॅनडात. तिचं बाळंतपण आलं, म्हणून आमची मंडळी वैशाखात तिकडं गेली. यायची दिवाळीच्या आदी. जाताना सगळे डबे उघडून दाखवले मला, हळद हितं, हिंग तितं, ह्यात साबुदाणा, आणि विमानतळावर आत जाता जाता मागं वळून म्हणली, "करमंल न्हवं?" मी म्हणलो, "मला काय धाड भरलीय?" व्हय, असंच म्हणलो. आमच्यात बायकोला असंच म्हणत्यात. गाडीत बसलो आणि भूगाव येईस्तोवर मान खिडकीकडं करून हुतो, म्हणलं डायवरला काय दाखवायचं आपलं थोबाड!

तर टॅब. टॅब लेकीनं दिला, आईशी बोलायला. दर रविवारी दिवेलागणीला फोन, तिकडं तवा सकाळ असती. पण रविवार आठवड्यातनं एकदाच येतो, हे कॅनडावाल्यांना कोण सांगणार? बाकीच्या दिवसांना मी काय करायचं? मग शुभांगीनं तिच्या आईचा एक फोटो धाडला. बागेत बाबागाडी धरून उभी, पायात बूट, डोक्याला लोकरीची टोपी, आणि हसतीया... आवो, तोंड उघडून हसतीया! माझ्यापुढं हसताना जन्मभर तोंडाला पदर. मला पत्ताच न्हाई हिला एवढं हसता येतं म्हणून. मी काय केलं, जेवताना टॅब म्होरं ठेवायला लागलो, डब्याला टेकवून. ती बसायची त्याच जागी. पण हे टॅब म्हंजी काय चीज! घास तोंडात घालीस्तोवर अंधार! टिचकी मारायची, ती उगवायची, भात कालवतुया तोवर मावळायची. एकदा चुकून उष्ट्या हातानं टिचकी मारली तर तिच्या नाकावर वरण. पुसलं हो मी, धोतरानं पुसलं. पण त्या दिवशी ठरवलं, हे खरं न्हाई. आपल्याला कागद पायजे. कागद मावळत न्हाई.

तुमी म्हणाल, मग पौडला दुकानात जाऊन का न्हाई काढला? आवो, गेलतो की! तहसीलसमोरच्या दुकानात गेलो, तर पोरगा म्हणतो, "काका, कुणाचा फोटो? मोठा करायचा का? फ्रेम पण मिळंल, आणि हार पण हाय, चंदनाचा, धुता येतो." धुता येतो! बाई जित्ती हाय माझी! आणि तेवढ्यात मागं आमच्या भावकीतलं कुणीतरी उभं. ह्या वयात बायकोचा फोटो मोठा करायला निघालेला माणूस... गावात तोंड दाखवायला जागा राहील का? म्हणलो, "न्हाई, न्हाई, सातबारा काढायचा हुता," आणि आलो सातबारा घेऊन. तीनदा गेलो, तीन सातबारे हायेत घरात. शेत न्हाई, सातबारे हायेत.

मग जावायाला म्हणलं, मला एक छापायचं मशीन पायजे. "कशाला बाबा?" म्हणलं, "लाइट बिलं." निरंजनराव भला माणूस, तितनं बसून मागवलं, दारात खोकं आलं. फोनवर म्हणत्यात, "बाबा, एकदम सोपं आहे, वायरलेस आहे, वायरच नको." मी म्हणलो, आवो, इजेला वायर लागती, पाण्याला पायप लागतो, हे जाणार कशावरनं? "हवेतून, बाबा." हवेतनं! म्हणलं, एवढी पावलेली देवी हाय तर पूजा तरी करावी. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, सुक्रवारच्या मुहूर्तावर टॅब हातात घेतला. इंटरनेट आपलं न्हाई बरं का, वरच्या मजल्यावरच्या सौरभचं. हिंजवडीला कामाला, बायको आरोही, लई गुणी जोडपं. त्यानंच पासवर्ड घालून दिला, "काका, बिनधास्त वापरा." टॅबनं इचारलं, कुठल्या मशीनला धाडू? म्होरं एकच नाव आलं. खोक्यावर जे नाव तेच. मी देवाचं नाव घेऊन दाबलं. हिरवी खूण! टॅब म्हणतंय पाठवलं. गेलं कुटं?

पुन्हा दाबलं. पाठवलं. पुन्हा दाबलं. पाठवलं. म्हणलं अंतर जास्त हुत असंल, टॅब नेऊन मशीनच्या उरावर ठेवला, दाबलं. पाठवलं! आणि मशीन ढिम्म. एक निळा दिवा तेवढा डोळा मारतुया. जावायाला फोन केला. "बाबा, प्रिंटर सिलेक्ट केलात ना?" केला. "नाव दिसतंय?" दिसतंय. "स्टेटस काय म्हणतंय?" पाठवलं म्हणतंय. "मग आलं असेल, बाबा." आवो, आलं असतं तर मी फोन केला असता का? "बरं, रिस्टार्ट करून बघा." मशीन बंद-चालू, टॅब बंद-चालू, घरातला मेन स्विच बंद-चालू... फ्रीजमधलं दूध नासलं, पण कागद न्हाई! मागनं शुभांगीचा आवाज, "अहो, बाबांना एवढी कसली बिलं काढायचीयत?" मी फोनच ठेवला.

सनवार सगळा त्यात गेला. दाढी न्हाई, आंघोळ न्हाई, वर सौरभला इचारावं तर दाराला कुलूप, जोडपं साताऱ्याला गेलेलं, तिच्या माहेरी. मग मीच एकटा. तिचा चेहरा तेवढा मोठा केला, टोपी-बिपी काढून टाकली, म्हणलं फोटोचं वझं कमी झालं तर हवेतनं लवकर येईल. दाबतुया, दाबतुया, बोटाला घट्टा पडायची पाळी. आणि शेवटी तर काय झालं, तुमास्नी सांगतो, मला रडूच आलं. खरंच आलं. मशीनसाठी न्हवं हो. घरात माणूस असतं तर म्हणलं असतं, "सोडा तो नाद, चला जेवायला." तेवढं म्हणायला कुणी नव्हतं.

तर रविवारी दिवेलागणीला दाराची बेल. उघडलं, तर म्होरं सौरभ, मान खाली. त्याच्या मागं आरोही, नाकाला रुमाल. त्यांच्या मागं माझा चुलत भाव गेणबा, टोपी हातात, त्याची तुळजाबाई, आणि भावकीतली जीपभर माणसं! चपला काढून गपचिप आत आली, भिंतीला टेकून बसली. तुळजाबाईनं टोपलं आणून ठेवलं, वरचं फडकं सरलं तर आत पिठलं-भाकरी. मला काय कळना. म्हणलं, एवढी माणसं माझं मशीन बघायला? गेणबानं मला मिठीच मारली. "नरहरी, धीर धर."

"किती धरायचा?" मी म्हणलो, "सुक्रवारपासनं धरलाय."

"सुक्रवारपासनं! आणि तू एकटा सोसतुयास? आमास्नी कळवायचं न्हाई व्हय रं?"

"तुमाला काय कळतंय त्यातलं? जावायाला इचारलं, त्यालाबी कळंना."

"शेवटपातूर मशीनवरच हुतं का?"

"अजून मशीनवरच हाय की! तितंच अडाकलंय!"

गेणबानं डोळे मिटले. आरोही हुंदका देऊन म्हणती, "काका, सगळं नीट होईपर्यंत आमच्याकडे जेवायला यायचं हं, मी काही ऐकणार नाही." मला एवढं भरून आलं! म्हणलं बघा, लोक उगाच म्हणत्यात बिल्डिंगीत माणुसकी न्हाई. एका छपाईच्या मशीनसाठी जीपभर माणूस पिठलं घेऊन येतंय! मग सौरभनं पिशवीत हात घातला. "काका, हे... आम्ही दुपारी आलो तेव्हा आमच्या प्रिंटरमधनं सगळीकडे पडलं होतं. आमची कलरची शाई संपलीय, त्यामुळं ब्लॅक अँड व्हाईट आलेत. सॉरी. तुम्हाला लोकांना वाटायला लागतील म्हणून..."

आवो, गठ्ठा! ही, ही, ही, आणि खाली पुन्हा ही! काळीपांढरी, पण हीच, तोंड उघडून हसतीया. त्याच्याकडंबी त्याच कंपनीचं मशीन, इंटरनेट त्याचं, आणि माझं मशीन बिचारं कशालाच जोडलेलं नव्हतं! टॅब म्हणतंय पाठवलं, खरंच पाठवलं हुतं की हो, वरच्या मजल्यावर! मी काय केलं, गठ्ठा छातीशी धरला आणि वरडलो, "आली! आली! माझी बाई आली!" तुळजाबाई गेणबाच्या कानात म्हणती, "भावोजींच्या डोक्यावर परिणाम झालाय."

आणि तेवढ्यात... टॅब वाजला. रविवार न्हवं का! मी टिचकी मारली आणि उगवली ही, रंगीत, हातात चहाचा कप. "काय वो, जेवला का?" गेणबा जो उठला तो सोफ्यावरच चढला, टोपी हिकडं, उपरणं तिकडं. आरोही किंचाळली. एक म्हातारी तर पडद्याला नमस्कारच करायला लागली. मग मला समजलं, ही सगळी कशाला आलीत! काळापांढरा फोटो, एवढ्या परती, मी दाढी वाढवून दार लावून बसलेलो... कुणीबी तेच समजंल, आणि सौरभनं तेच समजून गेणबालाबी कळवलेलं. "आवो, जित्ती हाय ती!" म्हणलं, "फोटो मी काढतुया!"

मग काय विचारता! हशा नुसता. सौरभ गुडघ्यात डोकं घालून हसतुया, गेणबा मला शिव्या घालतुया आणि डोळे पुसतुया. सगळं सांगितलं तिला, एकेकानं टॅब हातात घेऊन सांगितलं. तीबी हसली, पदर तोंडाला. आणि मग म्हणली, "पर काय वो... एवढे फोटो कशाला काढत हुता माझे?"

जीपभर माणूस माझ्या तोंडाकडं बघतंय. माझ्या अगदी जिभंवर आलं हुतं तुमास्नी सांगतो, की बाई, तू नसलीस की घास उतरत न्हाई, ये आता, नको दिवाळीची वाट बघू. एवढंच तर म्हणायचं हुतं. आणि मी काय म्हणलो?

"काय न्हाई, मशीन तपासत हुतो."

तिनं ऐकलं. मला वाटलं, तिला कळलं. कळलंबी असंल. पर तेवढ्यात तुळजाबाईनं टॅब उचलला आणि अख्खं घर फिरवून दाखवलं तिला, ही माणसं, ही भाकरी, हा हशा, आरोही ताटं मांडतीया... आणि हिचा चेहरा बघा, असा निवला, असा निवला! म्हणती, "आगं बाई, किती दिवस जिवाला घोर हुता गं माझ्या, एकटे कसे राहत असतील म्हणून. शुभांगी म्हणतीया, दिवाळी हितंच कर, थंडी सरल्यावर जा, तिची नोकरी पण सुरू हुतीया. मी न्हाईच म्हणत हुते. पर हितं तर गोकुळ भरलंय! मग राहू का वो?"

आता ह्या गोकुळानं काय करावं? सगळी एका सुरात वरडली, "ऱ्हावा, ऱ्हावा वैनी, आमी हाय की!" आणि मी टॅबात बघितलं, तिच्या मांडीवर नातू, तिचं बोट धरून. म्हणलो, "ऱ्हा की. मला काय धाड भरलीय?"

माणसं जेवली, हसली, गेली. ज्याचं त्याचं काम असतं, कुणाला नाव ठेवू? आरोही दोनदा डबा घेऊन आली, मग तिलाबी हिंजवडी हाय. पण ही आता रोज फोन करती, रविवारची वाट बघत न्हाई. आणि पैलं काय इचारती? "आज कोण कोण आल्तं जेवायला?" आता तिला काय सांगू, कुणी न्हाई? जिवाला घोर लावून घेईल, पोराकडं ध्यान लागायचं न्हाई तिचं. मग मी सांगतो, गेणबा आल्ता, सौरभ आल्ता, पौडहून हाफीजमामू आल्ता, तीन भाकरी खाल्ल्या पठ्ठ्यानं! काल मी सात माणसं जेवायला घातली... फोनवर! आणि आता वळखीची समदी संपली हो, पुन्हा तीच सांगितली तर तिला संशय यायचा. म्हणून म्हणतो, एवढं ऐकून घेतलंत, तर जाता जाता तुमची नावं तेवढी सांगून जावा... आज तुमी माझ्याकडं जेवायला हायसा.